जांभळा दिवा

भाऊंच्या गाडीत बसण्याचे काही नियम होते. घोरणाऱ्यानं मागे मधोमध बसायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोपर मारायची सोय राहते. गाडीत बसल्यावर ‘उशीर झाला’ असं कोणी म्हणायचं नाही. रस्त्यात गाय बसली असेल तर हॉर्न वाजवायचा नाही आणि ती उठेपर्यंत तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. या शेवटच्या नियमाचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “तुह्यासमोर तुह्याबद्दल कोनी बोललं तर तुले चालीन का?”

आम्ही चौघं अमरावतीहून अकोल्याला रोज अप-डाऊन करायचो. सकाळी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला गाठायचं आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. वानखडे आणि राऊत एका बँकेत, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आणि भाऊ सरकारी कचेरीत मोठे बाबू. गाडी भाऊंची. जुनी, डिझेलवरची आणि पांढरी, पण पांढरी ती फक्त पावसाळ्यात दिसायची. भाऊंना कोणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. कचेरीत भाऊ, मोहल्ल्यात भाऊ, मूर्तिजापूरच्या फाट्यावर संत्री विकणाऱ्या बाईचेही भाऊच. मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितोय असं मला वाटेल.

डॅशबोर्डवर संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या असायच्या. बाजारातलं सुगंधी काही त्यांना चालायचं नाही. उन्हाळ्यात त्या साली पापडासारख्या कडक व्हायच्या आणि खड्डा आला की खुळखुळायच्या. आजही घरात कोणी संत्रं सोललं की मला आधी डिझेल आठवतं.

भाऊंना लाल रंगाचं वावडं होतं. म्हणजे कपड्यांत किंवा कुंकवात नव्हे, सूचना देणाऱ्या लाल रंगाचं. कचेरीत त्यांनी फायलीवर लाल शाईनं कधी शेरा मारला नाही. चूक दिसली की पेन्सिलनं बाजूला बारीक टिंब करायचे आणि त्या कारकुनाला चहाला बोलवायचे. “लाल शाई पाहून मानूस वाचत नाई गड्या, फक्त घाबरते. घाबरलेल्या मानसानं कधी बेरीज बरोबर केली हाये का?” त्यांच्या साहेबांना हे पटायचं नाही. पण भाऊंच्या टेबलाचं काम कधी तुंबलं नाही, म्हणून साहेबही चालवून घ्यायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी स्वभावानंच अपराधी माणूस आहे. फोन वाजला की आपल्याकडून काय राहिलं, हे मी आधी आठवतो. त्या काळात माझी आई बाळापूरला एकटी राहत होती. मी रोज अकोल्यापर्यंत जायचो, म्हणजे तिच्या दारापासून तासाभराच्याही आत, आणि संध्याकाळी तोंड फिरवून अमरावतीला यायचो. ती कधी काही म्हणाली नाही. न म्हणणाऱ्या माणसांचं ओझं जास्त असतं, असा माझा अनुभव आहे. गाडीत बाकीचे राजकारण, लग्नं, तुरीचे भाव बोलत असायचे आणि मी खिडकीतून बाहेर बघत काही ना काही स्वतःशी कबूल करत असायचो. भाऊ आरशातून बघायचे आणि विचारायचे, “काय वो ग्रंथपाल, आज कोनाचा खून केला?”

भाऊंच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायला हवं होतं. पण खुद्द भाऊच त्यांना ‘बाई’ म्हणायचे, आणि तेही अहोजाहो करून, कारण त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाच्या बाई होत्या. मोहल्ल्यातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे आम्हीही बाईच म्हणू लागलो. बुटक्या, ठाम, बोलायला शुद्ध. पाऊस नसतानाही त्यांच्या हातात छत्री असायची.

एका संध्याकाळी अकोल्याहून परतताना भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाले, “ग्रंथपाल, तुमी चालवा आज.” भाऊंनी स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे मोठीच गोष्ट. वानखडे मागे झोपला होता, तोही जागा झाला. बडनेरा जवळ आलं. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी सांगितलं की त्यांची शुगर डोळ्यात उतरली आहे. एका डोळ्याच्या मध्यभागी धूर भरल्यासारखं दिसतं आणि दुसराही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, लेझर करू, पण गाडी हळूहळू सोडा.

“मंग इकता का गाडी?” राऊतनं विचारलं.

भाऊंनी समोरच्या बॉनेटकडे पाहिलं. त्यांचे वडील अचलपूरच्या जिनिंगमध्ये रुईच्या, म्हणजे कापसाच्या, गाठी उचलायचे. घरात ही पहिली चारचाकी आली तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि ‘जय भीम’ म्हणून आत निघून गेले. एवढंच. हे भाऊंनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितलं होतं, आणि दरवेळी सांगताना स्टिअरिंगवरचा एक हात उचलून तो बॉनेटवर ठेवल्यासारखा हवेत ठेवायचे.

“इकनार नाई,” भाऊ म्हणाले. “बाई शिकतीन.”

“बाई?”

“काहून? मी आंधया झाल्यावर बाईनं काय मोहल्ल्यातल्या पोरायच्या हातापाया पडाव? ‘अरे, मले दवाखान्यात नेता का, मले शाळेत सोडता का’? नाई चालनार. त्यायनं गाडी चालवावं अन् मी बाजूले बसीन. मागं नाई बसनार, बाजूले.”

नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवू नये, हे भाऊंचं दुसरं ठाम मत. “शिकवते गाडी अन् निघते मागच्या पिढीचं सारं.” म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गावाबाहेर एका नव्या लेआउटमध्ये रस्ते आखलेले होते, घरं नव्हती. तिथे रविवारी सकाळी आम्ही जायचो. भाऊ एका प्लॉटच्या दगडावर बसून दह्यातला गिला वडा खात बघत राहायचे आणि शिकवण्यात अजिबात लुडबुड करायचे नाहीत.

बाई झटकन शिकल्या. क्लच, गिअर, वळण, सगळं. अडचण एकच होती. हँडब्रेकचा स्विच ढिला झाला होता. गाडी खड्ड्यातून गेली की डॅशबोर्डवर लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा. आम्हा चौघांना तो वर्षानुवर्षं दिसतच नव्हता. बाईंना दिसला. आणि दिसला की बाई गाडी उभी करायच्या. कडेला नाही, जिथे असतील तिथे. कच्चकन.

“बाई, तो काही नाही, खोटा दिवा आहे,” मी म्हणायचो.

“भाऊजी, लाल दिवा खोटा कसा असेल?” त्या म्हणायच्या. “आयुष्यभर पोरांना पुठ्ठ्याचा सिग्नल करून शिकवलं. लाल म्हणजे थांबा. आता मीच लाल दिसल्यावर पुढे गेले, तर त्या पोरांना काय तोंड दाखवू?”

त्या गंमत करत नव्हत्या. पहिलीच्या वर्गात जे शिकवलं जातं ते खरं असलंच पाहिजे, यावर त्यांचा जगण्याचा सगळा डोलारा उभा होता.

मग मी एक चूक केली. लपवण्यासारखी नव्हतीच, गाडीत सगळे होते. एका रविवारी बाईंना पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर काढलं, बडनेऱ्याकडे. मागे भाऊ, वानखडे आणि राऊत. बाई छान चालवत होत्या, मी मनात खूश होतो. पुलाच्या अलीकडे एक खड्डा आला, लाल दिवा लुकलुकला आणि बाईंनी भर रस्त्यात ब्रेक मारला. मागून ट्रक येत होता. तो कर्कश हॉर्न वाजवत, आमच्या आरशाला घासल्यासारखा बाजूनं गेला. आणि मी ओरडलो. मी फार ओरडणारा माणूस नाही, त्यामुळे मला प्रमाण कळत नाही.

“अक्कल आहे का तुम्हाला? मारता का आम्हाला सगळ्यांना? पोरांना शिकवता आणि एवढं कळत नाही?”

बाईंनी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, चावी फिरवली. सगळं शिकवल्याप्रमाणे, क्रमानं. मग उतरून मागे गेल्या आणि वानखडेला म्हणाल्या, “तुम्ही सरका थोडे.”

त्यानंतर कितीतरी रविवार दगडावर भाऊ एकटेच बसले. बाई आल्याच नाहीत. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला, सोबत चिवडा दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही काय चुकीचं बोललात, भाऊजी? बरोबरच बोललात.” रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो.

बाहेर आल्यावर भाऊ फाटकापर्यंत सोडायला आले. मी म्हणालो, “भाऊ, माझ्यामुळे झालं. आता त्या शिकायच्या नाहीत. गाडी जाईल.”

भाऊंनी माझ्याकडे मान जरा तिरकी करून पाहिलं. डोळ्यातल्या धुराच्या कडेनं बघायची ती सवय त्यांना तेव्हा नुकतीच लागली होती. “तुह्यात अन् माह्या गाडीत काही फरक नाई. तुहा बी स्विच ढिला हाये. जराकसा खड्डा आला का दिवा लागते, अन् तू रस्त्याच्या मधात उभा. उद्या पाच वाजता सलीमभाईकडे ये. गुन्हेगार हजर पायजे.”

सलीमभाई म्हणजे आमचा गाडीचा इलेक्ट्रिशियन. दुकान इतकं अरुंद की गाडीचं नुसतं तोंड आत जायचं. त्यानं आधी हँडब्रेकचा स्विच बदलला आणि हात पुसत म्हणाला, “झालं भाऊ. आता नाही लुकलुकनार.”

“ते झालं,” भाऊ म्हणाले. “आता सारे लाल दिवे काढ. दुसऱ्या रंगाचे एलईडी लाव.”

“काहून?”

“बाईची नजर आता रस्त्यावर नाई राहत, त्या दिव्याइवर राहते. लागते का, लागते का.”

“भाऊ, कंपनीनं काही सोचूनच लाल लावला असन ना.”

“कंपनीले माही बायको मालूम हाये का?”

सलीमभाईनं पेचकस उचलला. त्यानं स्टिअरिंगमागचं मीटर उतरवलं. मागून बारीक बारीक बल्ब काढले आणि त्यातल्या एका जागी निळा एलईडी बसवून पाहिला. समोरून काहीच दिसेना, नुसता काळपट डाग. मग लक्षात आलं की बल्ब पांढराच असतो, लाल असते ती त्याच्यापुढची पट्टी. त्या पट्टीचा लाल रंग ब्लेडनं खरवडावा लागणार होता. एका एलईडीला त्यानं उलटं बसवलं, तो पेटेना. काढून, फिरवून पुन्हा लावला. भाऊ शेजारी स्टुलावर बसून विचारत होते, “आता दिसते का?” आणि मला कळत नव्हतं की ते दिव्याबद्दल विचारतायत की स्वतःच्या डोळ्याबद्दल.

तेवढ्यात रिक्षातून बाई आल्या. भाऊंनी बोलावलं होतं. रंग निवडायला.

सलीमभाईनं एका जुन्या बॅटरीला तारा लावून एकेक एलईडी पेटवून दाखवला. हिरवा. बाई म्हणाल्या, “नको. हिरवा म्हणजे जा. बिघाड असताना जा कसं म्हणेल?” पिवळा. “पिवळा म्हणजे सावध. मी सावधच असते, अजून किती होऊ?” निळा तर हेडलाइट मोठे केल्याच्या खुणेला आधीच होता. पांढरा त्यांना दवाखान्यासारखा वाटला. शेवटी डब्याच्या तळाशी एक जांभळा निघाला. एका पोरानं फटफटीला लावायला मागवला होता आणि मग न्यायला आलाच नव्हता.

बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

“हा,” त्या म्हणाल्या. “जांभळ्याबद्दल पुस्तकात काहीच नाही. हा दिसला तर काय करायचं ते मी ठरवीन.”

सलीमभाई म्हणाला, “बाई, एक तरी लाल राहू द्या. ऑइलचा.”

“एक ठेवला की डोळा तिथंच जातो,” बाई म्हणाल्या.

भाऊंचा तेव्हाचा चेहरा मला आठवतो. नंतर मला म्हणाले, “पाह्यलं? गाडीनं सांगाव. दटावू नये. बाकी बाईचं बाई पाहून घेतीन.”

दोन-तीन रविवार बाई पुन्हा लेआउटवर आल्या, लायसन्स हातात आलं आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली. बाईंची शाळा बंद, भाऊंची अकोल्याला डोळ्याची तपासणी, आणि आमची कामं चालूच. ठरलं की बाई गाडी अकोल्याला नेतील. पहिल्यांदाच, सगळा रस्ता. निघताना घरी देवाला नमस्कार करून आल्याचं वानखडेनं स्वतः सांगितलं. भाऊ पुढे, बाईंच्या बाजूला, डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसले. आम्ही तिघं मागे. मधे नेहमीप्रमाणे वानखडे, पण आज टक्क जागा.

बाई निघाल्या त्या अशा निघाल्या, जणू रोजच निघतात. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्या शांतपणे म्हणाल्या, “जांभळा लागलाय.”

“कोन्ता?” भाऊंनी विचारलं.

“बॅटरीच्या चित्राचा. मंद आहे, पण आहे.”

“नवा हाये, लागत असन. तुमचं काय म्हननं हाये?”

“गाडी चालतेय. मी चालवते.”

“चालवा मंग.”

आम्ही कोणीच पुढे वाकून पाहिलं नाही. लाल असता तर मी तरी वाकलो असतो. जांभळ्या दिव्याला कोण भितं? पंखा जोरात चालू होता, बाहेर रस्ता भट्टीसारखा तापला होता. भाऊंनी आवाज बदलून बातम्या वाचल्यासारखं सांगितलं, “श्रोतेहो, गाडी अकोल्याच्या हद्दीत घुसली हाये.” सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी गिअर बदलला तो उगाचच जरा रुबाबात.

संध्याकाळी परत निघालो. बोरगाव मंजूला नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. चहा झाला, बसलो, बाईंनी चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्, आणि तेही जीव गेल्यासारखं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या दिवशी पुलाजवळ उतरताना होता तोच चेहरा. भाऊंना तो दिसणं शक्य नव्हतं, पण त्यांनी बाजूला न बघताच सांगितलं, “बाई, हे तुमच्यानं नाई झालं. बॅटरी उतरली. माह्या जांभळ्या दिव्यानं काहीतरी घोय केला असन.” आणि दुपट्टा आवळून ते गाडीतून उतरले. “चला रे, ढकला.”

“भाऊ, तुमी बसा बाजूले,” राऊत म्हणाला.

“मानूस कमी पडते.”

ते उतरले आणि बाजूची सीट रिकामी झाली. त्या सीटवर कोणी नसताना बाईंनी कधी गाडी चालवली नव्हती.

भाऊ खिडकीशी वाकले. “दुसऱ्या गिअरात टाका. क्लच दाबून ठेवा, मी म्हनलं का सोडा.”

“आणि मग?”

“मंग थांबायचं नाई. बंद पडली तर पुन्हा ढकलाव लागीन अन् वानखडे मरीन. पुढं पेट्रोल पंप हाये, तिथं उभ्या राहा. इंजिन चालू ठेवून.”

“आणि तुम्ही?”

“आमी येतो चालत. आमाले काय, पाय हायेत.”

आम्ही चौघांनी ढकललं. वानखडेची चप्पल सुटली. “सोडा!” भाऊ ओरडले. गाडी एक गचका खाऊन काळा धूर ओकली, आणि चालू झाली. आणि गेली. आमच्या हातांखालून निघून गेली, मी तोंडावर पडता पडता वाचलो.

सूर्य आमच्या पाठीमागे अकोल्याकडे उतरत होता. समोर सरळ रस्ता आणि त्यावर लहान होत जाणारी ती पांढरी गाडी. भाऊ हात कपाळावर धरून उभे होते. त्यांना तिथे काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी माझं मनगट धरलं.

“दिसते का?”

“दिसते, भाऊ.”

“सरळ जाऊन राहिली का?”

“सरळ.”

“मांगचे लाल दिवे लागले का?”

ब्रेक मारला की मागे लागतात ते दिवे. समोरचे सगळे लाल त्यांनी काढले होते, हे राहिले होते. “नाही लागले,” मी म्हणालो. आणि म्हणतोय तोवर पुढे कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर बाजूच्या वाटेनं रस्त्यावर चढला.

“भाऊ, ट्रॅक्टर आला.”

“मंग?”

“लागले. दिवे लागले.”

मनगटावरची त्यांची पकड इतकी घट्ट झाली की मला दुखलं. वानखडे एका पायात चप्पल घालून उभा होता, तोही हलेना.

“थांबली?” भाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

“थांबा,” मी म्हणालो. “थांबा, भाऊ. हळू झाली… दिवे गेले. भाऊ, गेले दिवे! धूर सोडला. ट्रॅक्टरच्या बाजूनं काढतायत. काढली. गाडी चालू आहे.”

भाऊंनी मनगट सोडलं. दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग रस्त्याला लागत म्हणाले, “मांगचा लाल दिवा मांगच्यायनंच पहावा. चालवनाऱ्याले त्याचं काय काम?”

पंपावर पोचलो तेव्हा बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, पट्टा लावून, समोर बघत बसल्या होत्या. इंजिन धडधडत होतं. आमच्याकडे मान न वळवता म्हणाल्या, “बसा लवकर. मी गाडी बंद करणार नाही.”

आम्ही पोरांसारखे रांगेनं बसलो. पुढे गाडीनं वेग घेतल्यावर त्या म्हणाल्या, “विझला जांभळा.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “मी सकाळीच सांगितलं होतं.”

मग आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आज ओरडला नाहीत, भाऊजी?”

“मी मागे राहिलो होतो, बाई,” मी म्हणालो. गाडीत पहिल्यांदा त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी गाडी खड्ड्यातून नेली. संत्र्याच्या साली खुळखुळल्या. काहीच लुकलुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईनं डोकं खाजवलं. जुन्या बल्बमधून जो करंट जायचा, त्यानंच गाडी सुरू होताना चार्जिंग जागं व्हायचं. एलईडीला इतका थोडा करंट लागतो, की चार्जिंगला हाकच जात नव्हती. सकाळी बाईंनी गाडी सावकाश नेली होती; पंपानंतर ती जोरात पळाली तेव्हा ते आपसूक जागं झालं. “हे मले बी मालूम नव्हतं, भाऊ,” तो म्हणाला आणि एलईडीला जोडून, पुरेसा करंट जाईल असा एक बारकासा रेझिस्टर टाकला. त्यानं विचारलं, लाल करू का परत? भाऊ म्हणाले, “बाईले विचार.” बाईंना विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

नंतरची वर्षं बाईंनी गाडी चालवली. सुट्टीत आणि कधीतरी शनिवारी अकोल्यापर्यंत, एरवी अमरावतीत. भाऊ निवृत्त झाले, डोळे बरेच गेले, पण ते बाजूलाच बसायचे आणि समोर सगळं दिसत असल्यासारखे खड्ड्यांबद्दल बोलायचे. एका शनिवारी बाईंनी मला घ्यायला कॉलेजच्या फाटकाशी गाडी उभी केली आणि अमरावतीकडे वळवायच्या ऐवजी उलटी बाळापूरला नेली. मला विचारलं नाही. आईच्या ओट्यावर बसून भाऊंनी भाकर आणि ठेचा खाल्ला आणि आईला सांगितलं, “तुमचा पोरगा चांगला हाये. फक्त त्याचा एक स्विच ढिला हाये.” आईला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली आणि म्हणाली, “लहानपणापासूनच हाये.” त्यानंतर महिन्यातून एका शनिवारी ते ठरूनच गेलं. मी स्वतः गेलो असतो का? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. तो विचारला की एक दिवा लागतो. पण आता मी रस्त्याच्या मधात उभा राहत नाही, एवढं खरं.

भाऊ गेले त्याला दोन पावसाळे झाले. गेल्या आठवड्यात बाई आल्या होत्या, आईची चौकशी करायला, संत्री घेऊन. एकट्या. त्याच गाडीनं. चहा घेतला, छत्री उचलली, निघाल्या. मी फाटकात उभा राहिलो. त्यांनी चावी फिरवली तेव्हा खिडकीतून मीटर दिसलं. जांभळ्या दिव्यांची एक ओळ पेटली आणि इंजिन लागल्यावर एकेक करून विझली.

गाडी गल्लीतून निघाली. मनगटावर काहीच नव्हतं, तरी मी तो हात जरा पुढे धरून उभा होतो. कोपऱ्यावर, जिथे सायकलींचं दुकान आहे, तिथे मागचे लाल दिवे लागले.

लागले, भाऊ. थांबा… गेले. वळली.